वजन कमी पडते तेव्हा : परग्रहावरचा खडक आणि द्रवातला वायू

प्रश्नाची मांडणी

दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर घेताना एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, कारण ती सगळ्यांनीच गृहीत धरलेली असते : बोअरची गाडी जड आहे. हातोडा खाली आदळला की तेवढ्याच जोराचा उलटा धक्का गाडीला बसतो, पण टनावारी वजनापुढे तो जाणवत नाही. बिट खडकात घुसते आणि कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर वर आलेली भुकटी भोकाच्या तोंडाशी पडून तिचा ढीग होतो. चुलीवर पाणी तापत ठेवले की असेच आणखी एक काम न सांगता होते. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे धरतात. पाण्यात विरघळलेली हवा उष्णतेने बाहेर पडू लागलेली असते. बुडबुडे फुगतात, सुटतात, वर येऊन फुटतात. खडक फोडणे आणि द्रवातून वायू वेगळा करणे ही कामे एकमेकांपासून कितीही दूरची वाटली, तरी दोन्हीकडे गुरुत्वाकर्षणच राबत असते.

पृथ्वी सोडली की या बलाचा भरवसा संपतो. चंद्रावर वजन एक षष्ठांश राहते, मंगळावर सुमारे ३८ टक्के, लहान लघुग्रहावर जवळजवळ काहीच नाही. आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात सगळेच एकत्र पडत असल्यामुळे वजन जाणवतच नाही. पृथ्वीवर ते जे काम फुकट करून देते, ते तिथे यंत्राकडून करून घ्यावे लागते. गेल्या सहा दशकांत अभियंत्यांच्या दोन वेगळ्या शाखांनी या अडचणीवर उत्तरे शोधली. एकीने ड्रिल, खोरी आणि नमुनानळ्या बनवल्या. दुसरीने फिरते पिंप, सच्छिद्र पडदे आणि केशाकर्षणाची भांडी. दोन्ही शाखांचे अनुभव सहसा वेगवेगळे मांडले जातात. या लेखात ते शेजारी ठेवून पाहायचे आहेत.

तसे करण्याचे कारण चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी आहे. ९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाच्या एलक्रॉस मोहिमेने कॅबियस विवरावर रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला. उसळलेल्या धुरळ्याच्या मोजणीवरून तिथल्या मातीत वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी असावे असा अंदाज निघाला, आणि त्या पाण्याच्या सोबतीला हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे वायूही दिसले. हे बर्फ वापरायचे तर आधी गोठलेली माती खणावी लागेल, मग तापवून तिच्यातले पाणी मिळवावे लागेल, त्या पाण्यातले घातक वायू काढावे लागतील, आणि विद्युतविघटनाने ऑक्सिजन करायचा तर त्याचे बुडबुडे पुन्हा द्रवापासून सोडवावे लागतील. म्हणजे ड्रिल आणि वायुविलगक एकाच साखळीच्या कड्या होऊ घातल्या आहेत. दोन्हीकडचा अनुभव एकत्र वाचला की एक निष्कर्ष पुढे येतो. वजनाची उणीव भरून काढण्याच्या युक्त्या आज बऱ्यापैकी हाताशी आहेत. उपकरणे अडतात ती बहुतेक वेळा समोरच्या पदार्थाच्या स्वभावाविषयी धरलेल्या अंदाजापाशी.

खडकाच्या नमुन्याची पार्श्वभूमी

सुरुवात माणसाच्या हातांनी झाली. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली, ती मुख्यतः हातोडी, चिमटे, दाताळे आणि ठोकून आत घालायच्या नळ्या यांच्या जोरावर. माणसाच्या हातातल्या यांत्रिक ड्रिलचा पहिला मोठा अनुभव १९७१ च्या ऑगस्टच्या तोंडावर अपोलो १५ ला आला, आणि तो आजही अभ्यासण्यासारखा आहे. उष्णतामापनासाठी सुमारे तीन मीटर खोल भोक हवे होते. अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांचे ड्रिल त्याच्या निम्म्याच्या आसपास जाऊन अडकले. अडचण मोटरची नव्हती. ड्रिलचे दांडे एकमेकांना जोडले जात तिथे भुकटी वर नेणारी मळसूत्री खाच अखंड नव्हती, त्यामुळे भुकटी सांध्यापाशी तुंबून दांड्याभोवती घट्ट बसली. गाभ्याचा नमुना घेणारी दुसरी नळी खाली गेली, पण वर येईना. शेवटी स्कॉट आणि त्यांचे सहकारी जेम्स आयर्विन यांनी मिळून खांदे लावून ती उपसली, आणि त्यात स्कॉट यांचा खांदा दुखावला. पुढच्या मोहिमेत दांड्यांची घडण बदलली आणि नळी उपसण्यासाठी जॅक दिला गेला. चंद्राची माती सैल दिसते, पण काही सेंटिमीटर खाली ती विलक्षण दाट बसलेली असते, हे अभियंत्यांना असे कळले.

त्याच काळात सोव्हिएत संघाने माणसाविना तेच काम केले. लूना १६ ने सप्टेंबर १९७० मध्ये १०१ ग्रॅम माती आणली. लूना २४ ने ऑगस्ट १९७६ मध्ये सुमारे दोन मीटर खोलीपर्यंतचा, १७० ग्रॅमचा गाभा आणला. १९८२ च्या मार्चमध्ये व्हेनेरा १३ आणि १४ शुक्रावर उतरली. तिथे वजन जवळजवळ पृथ्वीइतकेच होते. अडचण होती साडेचारशे अंशांवरचे तापमान आणि पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट हवेचा दाब. म्हणून ड्रिलचे भाग तिथल्या उष्णतेने प्रसरण पावल्यावरच एकमेकांत नीट बसतील अशा मापाने कातले होते. नमुना टप्प्याटप्प्याने दाब कमी करत आतल्या विश्लेषकापर्यंत नेला गेला. व्हेनेरा १३ एकूण १२७ मिनिटे जिवंत राहिले. परिस्थिती भीषण असली तरी ती आधीच्या मोहिमांमुळे ठाऊक होती, म्हणून तिच्यासाठी यंत्र घडवता आले, हा यातला धडा.

नमुना घेण्याच्या चार वाटा

आज या क्षेत्रात चार मुख्य भूमिका दिसतात. पहिली म्हणजे वाहनाचे वस्तुमानच पाठीशी घेऊन दाब द्यायचा. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेली क्युरिऑसिटी सुमारे ९०० किलोची आहे. तिच्या यांत्रिक हाताने खडकावर दाब देऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये १.६ सेंटिमीटर व्यासाचे आणि ६.४ सेंटिमीटर खोल भोक पाडले. तिच्यानंतरच्या पर्सिव्हरन्स वाहनाने पुढे जाऊन भुकटीऐवजी खडूच्या कांडीसारखा अखंड गाभा नळीत बंद करायला सुरुवात केली. या पद्धतीची जमेची बाजू म्हणजे खडकाचे थर, कणांची रचना आणि शिरा जशाच्या तशा मिळतात. मर्यादा दोन : असे वाहन महाग असते, आणि खोली काही सेंटिमीटरांपुरतीच राहते. क्युरिऑसिटीच्या ड्रिलची पुढे सरकवणारी यंत्रणा डिसेंबर २०१६ मध्ये बिघडली. मग बिट कायमचे बाहेर ठेवून हातानेच ते खडकात रेटायची नवी रीत पृथ्वीवरून बसवण्यात आली आणि मे २०१८ मध्ये ती यशस्वी झाली. हाताला वेगवेगळ्या हालचाली शक्य होत्या, म्हणूनच ही दुरुस्ती जमली.

दुसरी भूमिका म्हणते, मोठा दाब हवाच कशाला? पाथरवट छिन्नीवर अंगाचा भार टाकत नाही. नेमक्या जागी पुन्हापुन्हा हलका ठोका देतो. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी यांच्याकडे खडक घासणारे छोटे यंत्र होते. ते ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटरपर्यंत खोल वर्तुळाकार भाग साफ करून आतला ताजा खडक उघडा पाडत असे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत योसेफ बार-कोहेन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले श्राव्यातीत ड्रिल याच विचाराचे टोक आहे. पिझोइलेक्ट्रिक चकत्या सेकंदाला हजारो वेळा थरथरतात, त्या थरथरीने मधला मोकळा तुकडा उसळून बिटवर ठोके देतो, आणि दहा न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे जेमतेम एक किलोच्या भाराएवढ्या दाबावर भोक पडते. बिटला गरगर फिरावेही लागत नाही. यावरचा आक्षेप वेगाविषयी आणि भुकटीविषयी आहे : भोक खोल होत गेले की भुकटी बाहेर काढायची सोय वेगळी करावी लागते, नाहीतर ठोक्याची ऊर्जा तिच्यातच जिरते.

तिसरी भूमिका म्हणजे वाहनाशी संबंधच न ठेवता जमिनीत स्वतःला ठोकत नेणारा खिळा. मंगळावरच्या इनसाइट मोहिमेतला जर्मन बनावटीचा, सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा ‘मोल’ हे त्याचे उदाहरण. तो नमुना घेणार नव्हता, पाच मीटर खाली जाऊन उष्णता मोजणार होता. पण प्रश्न तोच होता. आतला हातोडा पुढे आदळतो तेव्हा मागे येणारा धक्का भोवतालच्या मातीच्या घर्षणाने शोषला जावा, अशी योजना होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठोकणे सुरू झाले. तिथली माती वरच्या थरात कवचासारखी घट्ट बांधलेली निघाली. ती ढासळून मोलभोवती आवळण्याऐवजी भोकाच्या भिंती ताठ उभ्या राहिल्या आणि मोल जागच्या जागी उड्या मारू लागला. यांत्रिक हाताने बाजूने रेटून, वरून दाबून जवळपास दोन वर्षे खटपट झाली. मोल पृष्ठभागाच्या जेमतेम खाली गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबवण्यात आले.

चौथी भूमिका थांबण्याचाच हट्ट सोडते : टेकायचे, काही सेकंदांत मिळेल ते घ्यायचे आणि निघायचे. जपानच्या हायाबुसा-२ ने २०१९ मध्ये र्‍युगू लघुग्रहावर टँटॅलमची गोळी झाडून उडालेले कण पकडले आणि डिसेंबर २०२० मध्ये ५.४ ग्रॅम माल पृथ्वीवर पोचवला. ओसायरिस-रेक्सने २० ऑक्टोबर २०२० रोजी बेन्नूवर नायट्रोजनचा झोत सोडून १२१.६ ग्रॅम मिळवले, उद्दिष्टाच्या दुप्पट. पण तिथेही अंदाज चुकलाच. दगडांचा कठीण थर अपेक्षित होता. प्रत्यक्षात पृष्ठभागाने जवळजवळ विरोधच केला नाही आणि हात सुमारे अर्धा मीटर आत बुडाला. माल इतका भरला की दगडांनी झडप उघडीच धरली आणि कण बाहेर सांडू लागले. याच्या उलट, जखडून राहण्याची कल्पना नोव्हेंबर २०१४ मध्ये फायलीला महागात पडली. पृथ्वीवर सुमारे १०० किलोचे हे यान ६७पी धूमकेतूवर ग्रॅमभर वजनाचे होते. त्याचे भाले सुटले नाहीत, ते उसळून भलत्याच जागी जाऊन पडले आणि ड्रिल बाहेर सरकले खरे, पण त्याला बहुधा काही लागले नाही.

या चार वाटांशेजारी आणखी एक वाद आहे : नमुना तिथेच तपासायचा की घरी आणायचा? घरी आणण्याच्या बाजूने सबळ पुरावा आहे. अपोलोचे दगड पन्नास वर्षांनंतरही नव्या उपकरणांखाली नवी माहिती देत आहेत. वाहनावर मावणारी कोणतीही प्रयोगशाळा हे करू शकत नाही. विरुद्ध बाजू खर्चाकडे बोट दाखवते. मंगळाचे नमुने परत आणण्याच्या योजनेचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असे स्वतंत्र समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले, आणि पुढच्या वर्षी नासानेच नमुने २०४० पूर्वी येणार नसतील तर तो बेत मान्य नाही असे म्हणत दुसरे मार्ग मागवले. चीनने मात्र चांगई-५ मधून २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणि चांगई-६ मधून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे १,९३५.३ ग्रॅम आणून दाखवले. चांगई-५ चे ड्रिल दोन मीटरऐवजी सुमारे एक मीटरवर अडथळ्यामुळे थांबवावे लागले, पण खोऱ्याने बाकीचा माल भरता आला. एका यानावर दोन पद्धती असल्याचा फायदा यातून दिसतो.

द्रवातला वायू : पार्श्वभूमी आणि तीन वाटा

पृथ्वीवर वायुविलगीकरण हे जुने आणि स्थिरावलेले तंत्र आहे. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम सांगतो की द्रवात विरघळणारा वायू वरच्या दाबाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दाब उतरवला की वायू सुटतो, आणि पाणी तापवले की त्याची वायू धरून ठेवण्याची ताकदही घटते. औष्णिक वीज केंद्रात किंवा साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी डीएरेटर नावाची टाकी असते. तिच्यात पाण्याचा फवारा वाफेतून खाली पडतो, ऑक्सिजन सुटून वरच्या नळीने निघून जातो, आणि बॉयलरच्या नळ्या गंजण्यापासून वाचतात. पाणी खाली, वायू वर, ही या टाकीची मूळ अट आहे. वजनरहित अवस्थेत ती अटच उरत नाही. बुडबुडा जिथे जन्मतो तिथेच चिकटून फुगत राहतो.

अपोलोच्या अंतराळवीरांना हे पोटाने समजले. त्यांच्या यानात पिण्याचे पाणी इंधनघटांतून मिळे आणि त्यात हायड्रोजन मिसळलेला असे. पृथ्वीवर पेला क्षणभर ठेवला की प्रश्न मिटला असता. तिथे बुडबुडे पाण्याबरोबर पोटात जात आणि पोट फुगे. इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. द्रवात मोकळा बुडबुडा असणे वेगळे आणि वायू विरघळलेला असणे वेगळे. पहिल्याला नुसते बाजूला सारावे लागते. दुसऱ्याला आधी द्रवातून बाहेर यायला भाग पाडावे लागते.

पहिली वाट म्हणजे फिरवून कृत्रिम वजन निर्माण करणे. ताक घुसळताना लोणी जमते त्यामागचे कारण निराळे आहे, पण फिरत्या पिंपात जड द्रव भिंतीकडे आणि हलका वायू मध्याकडे जातो हे दुधाच्या मलईयंत्रासारखेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्रापासून पाणी मिळवणारे ऊर्ध्वपातन फिरत्या पिंपातच होते. शौचालयातल्या हवेपासून मूत्र वेगळे करणारा विलगकही फिरता असतो. या यंत्रणांसह स्थानकाने जून २०२३ पर्यंत पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर साधला. भरवसा ठेवावा अशी ही कामगिरी आहे. उणीव अशी की यात मोटर, धारवे आणि बारीक छिद्रे असतात, आणि ती बंद पडतात.

ती कशी पडतात याचे सर्वांत ठळक उदाहरण १६ जुलै २०१३ चे आहे. इटलीचे लुका पार्मिटानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात मागच्या बाजूने पाणी येऊ लागले. अंतराळ पोशाखात हवा खेळवणारा पंखा, पाण्याचा पंप आणि हवेतले पाणी वेगळे करणारा फिरता विलगक एकाच आसावर असतात. विलगकाच्या पिंपातली बारीक छिद्रे सिलिकायुक्त गाळाने बुजली, बाजूला काढलेले पाणी हवेच्या वाटेत सांडले आणि डोक्याकडे गेले. वजन नसल्यामुळे ते ओघळले नाही. डोक्यामागून सरकत डोळे, कान आणि नाक यांच्यावर लगद्यासारखे चिकटले. पार्मिटानो जवळजवळ आंधळेपणाने, तारेच्या आधाराने परतले. पोशाखात एक लिटरहून अधिक पाणी निघाले. आठवडाभर आधीच्या फेरीतही पाणी दिसले होते, पण ते पिण्याच्या पिशवीतून गळले असावे असे मानले गेले होते. इथे विलगकाची फिरण्याची ताकद कमी पडली नव्हती. पाण्यात काय आहे याचा अंदाज चुकला होता.

दुसरी वाट हलत्या भागांना फाटा देते आणि पृष्ठताणावर विसंबते. पॉल कोन्कस आणि रॉबर्ट फिन यांनी १९६९ मध्ये गणिताने दाखवले की कोपरा पुरेसा अरुंद असेल आणि द्रव पृष्ठभागाला पुरेसा भिजवत असेल, तर वजनरहित अवस्थेत द्रव त्या कोपऱ्यातून आपोआप चढत जातो. उपग्रहांच्या इंधनटाक्यांत बसवलेल्या पात्यांचे आणि जाळ्यांचे काम याच भौतिकीवर चालते. त्यामुळे इंजिनाकडे वायू न जाता द्रवच जातो. डॉन पेटिट यांनी २००८ मध्ये स्थानकावर प्लास्टिकच्या कागदाची एका बाजूला टोकदार कडा असलेली पेली वळवली आणि तिच्या कडेने कॉफी ओठांपर्यंत चढवली. मागोमाग झालेल्या केशाकर्षणाच्या प्रयोगांनी नळीच्या आकारानेच बुडबुडे गाळता येतात हे दाखवले. आक्षेप असा की पृष्ठभाग किती भिजतो हे त्याच्या स्वच्छतेवर ठरते. स्वच्छ पाण्यासाठी आखलेला कोपरा साबण, मूत्र किंवा जंतूंचा थर आला की निराळा वागतो.

तिसरी वाट पडद्याची. पाण्याला न भिजणाऱ्या, सूक्ष्म छिद्रांच्या पोकळ तंतूंतून द्रव नेला आणि दुसऱ्या बाजूला निर्वात ठेवले, तर वायू छिद्रांतून पार होतो आणि पाणी आत राहते. या एकाच पद्धतीत बुडबुडा आणि विरघळलेला वायू दोन्ही निघतात, आणि बाहेर निर्वात पोकळी फुकट आहे. पृथ्वीवर चिप बनवणाऱ्या कारखान्यांतले अतिशुद्ध पाणीही असेच वायुमुक्त करतात. मात्र गाळ बसला की छिद्रे बुजतात आणि स्निग्ध द्रव्ये लागली की पडदा भिजून पाणी गळू लागते. अलीकडे चौथ्या पर्यायाचीही चर्चा आहे : पाणी आणि ऑक्सिजन चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्याचा उपयोग करून विद्युतविघटनातले बुडबुडे विद्युत अग्रांपासून सोडवणे. ब्रेमेनच्या पतनमनोऱ्यातले प्रयोग आशादायक आहेत. दीर्घ काळ चालणाऱ्या यंत्रात ते उतरायचे आहेत.

दोन्ही पुरावे एकत्र ठेवल्यावर

दोन्ही शाखांतली अपयशे एका ओळीत लावली की त्यांचा साचा दिसतो. अपोलो १५ चे ड्रिल भुकटीने अडले, मोल मातीच्या कवचाने, बेन्नूवरची झडप अपेक्षेपेक्षा मोठ्या दगडांनी, आणि पोशाखातला विलगक सिलिकाच्या गाळाने. २००८ मध्ये फीनिक्स यानाने खोऱ्याने उचललेली मंगळाची चिकट माती भट्टीच्या चाळणीवर गोळा होऊन बसली. चाळणीतून ती पडेचना. यातल्या प्रत्येक ठिकाणी वजनाच्या जागी बसवलेली युक्ती, म्हणजे फिरणे, ठोकणे, झोत, थरथर, आपापल्या परीने चालत होती. फसला तो पदार्थाविषयीचा अंदाज. म्हणून वजनरहित अवस्थेसाठी यंत्र ही व्याख्या अपुरी आहे. अनोळखी पदार्थ आला तरी मागे फिरता येणारे यंत्र, ही व्याख्या या पुराव्याशी अधिक जुळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अपवाद वेचून नियम बनवला. पर्सिव्हरन्सचा पहिला प्रयत्न ऑगस्ट २०२१ मध्ये फसला, खडक भुगा होऊन नळी रिकामी राहिली. पण पुढच्याच महिन्यात दुसऱ्या खडकाचा उत्तम गाभा मिळाला. हा आक्षेप खरा आहे, आणि तो वरच्या निष्कर्षाला बळच देतो. यंत्र तेच, ताकद तीच. बदलला तो खडक. दुसऱ्या खडकाकडे जाण्याची मुभा त्या मोहिमेला होती, फायलीला आणि मोलला नव्हती. मार्च २०२५ मध्ये चंद्रावर उतरलेले एक यान आडवे पडले. त्यावरचे ड्रिल पूर्ण लांबीभर सरकून दाखवू शकले, पण त्याच्यापुढे जमीनच नव्हती. त्याच महिन्यात चंद्रावरच्याच ब्लू घोस्ट यानावरच्या उष्णताशोधकाने वायूच्या झोताने माती उडवत सुमारे एक मीटर खोली गाठली. मातीवर कमीत कमी गृहीतके लादणारी रीत इथे पुढे गेली.

दुसरा आक्षेप : मग पृथ्वीवर अधिक चाचण्या करा. त्या व्हायलाच हव्यात, पण त्यांची मर्यादा कठोर आहे. पतनमनोऱ्यात वजनरहितता काही सेकंद मिळते, परवलयी उड्डाणात वीसेक सेकंद. विलगकातला गाळ साचायला महिने लागतात. कृत्रिम मंगळमातीत मोल नीट उतरत होता, कारण ती माती कवच धरत नव्हती. तिसरा आक्षेप माणसाचा हात सर्वांत हुशार असल्याचा आहे. अपोलो १५ ची नळी खांद्याने निघाली हे खरे, पण तो खांदाही दुखावला, आणि माणूस न्यायचा म्हणजे त्याचे पाणी, हवा आणि पोशाख न्यायचे; म्हणजे वायुविलगकाचा प्रश्न आणखी तातडीचा होतो. चौथा आक्षेप निष्क्रिय उपकरणांच्या बाजूने येतो : जे हलत नाही ते मोडत नाही. मोडत नाही, पण बुजते आणि भिजते. फिरते पिंप बिघडल्याचे निदान मोटरच्या आवाजावरून, विजेच्या ओढीवरून होऊ शकते. बुजत चाललेला पडदा गप्प असतो.

अजून न सुटलेले

पहिला खुला प्रश्न अर्धवट वजनाचा आहे. आपल्याकडे पृथ्वीवरचा अनुभव भरपूर आहे आणि स्थानकावरचाही बराच. चंद्रावरच्या एक षष्ठांश वजनातला द्रवांचा दीर्घ अनुभव नाही. रूढ सूत्रांनुसार तिथे सुटण्याआधी बुडबुडा पृथ्वीपेक्षा सुमारे अडीचपट व्यासाचा होईल आणि बारीक बुडबुडे सहापट सावकाश चढतील. म्हणजे साधी उभी टाकी चालेलही, पण किती मोठी लागेल हे प्रत्यक्ष चालवूनच ठरेल. दुसरा प्रश्न बर्फाच्या मातीचा : ड्रिलच्या घर्षणाने तापून जे वायू मोजायचे तेच उडून गेले, तर नमुन्यावर किती विसंबायचे? तिसरा खोलीचा : मंगळावर प्रारणाने न भाजलेले थर मिळावेत म्हणून रोझालिंड फ्रँकलिन वाहनावर दोन मीटरचे ड्रिल आहे, त्याचे उड्डाण २०२८ मध्ये नियोजित आहे. त्याच वर्षी निघणारी ड्रॅगनफ्लाय मोहीम शनीच्या टायटन या उपग्रहावर नमुना वाऱ्याच्या ओढीने आत नेणार आहे. चौथा प्रश्न मोजपट्टीचा आहे. वेगवेगळ्या ड्रिलांची आणि विलगकांची तुलना करायला समान चाचणी, समान गाळ, समान कृत्रिम माती अजून सर्वमान्य झालेली नाही.

भारतासाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रम यानावरच्या चास्टे उपकरणाने दहा तापमापक लावलेला शोधक यंत्राच्या नियंत्रित दाबाने चंद्राच्या मातीत उतरवला. मोलपेक्षा कितीतरी माफक, दहा सेंटिमीटरपर्यंतचे उद्दिष्ट ठेवून त्याने दक्षिण ध्रुवाकडच्या मातीचे तापमान खोलीनुसार मोजले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या चांद्रयान-४ मोहिमेला तर नमुना घेऊन परतायचे आहे. या आढाव्यावरून तिच्यासाठी दोन गोष्टी सुचवता येतात : ड्रिल आणि खोरे दोन्ही असू द्यावेत, आणि एक जागा फसली तर दुसरीकडे हात पोचावा. त्याचबरोबर फसलेल्या प्रयत्नांचे तपशील यशाइतक्याच विस्ताराने प्रसिद्ध व्हावेत, आणि पाण्यातल्या गाळाशी झगडणाऱ्यांनी ते भुकटीशी झगडणाऱ्यांना वाचायला द्यावेत. पर्सिव्हरन्सची ती पहिली रिकामी नळी फेकून दिली गेली नाही. खडक हाती न लागलेली ती नळी मंगळाच्या हवेचा नमुना म्हणून बंद केली गेली, आणि आज ती जेझेरो विवरात इतर नळ्यांसोबत घरी नेणाऱ्याची वाट पाहत पडून आहे.